जुन्या मोटारीचा गारवा आणि नवा वायु

वैशाखांतील दुपारीं भर उन्हांत दोन तास उभी ठेवलेली मोटार उघडली म्हणजे आंतून जी वाफ अंगावर येते, तिचा अनुभव शहरांतील बहुतेक कुटुंबांना आहे. कांचांतून ऊन आंत शिरतें आणि आंतच कोंडलें जातें. बैठकीला हात लावावा तर चटका बसतो. अशा वेळीं वातानुकूल यंत्राची कळ फिरवावी आणि दोन मिनिटांत गार झुळूक यावी, ही आतां चैन राहिलेली नाहीं, सवय झालेली आहे. परंतु ज्या घरीं तीस-पस्तीस वर्षांपूर्वींची एखादी गाडी जिव्हाळ्यानें जपून ठेवलेली असते, तेथें एखाद्या उन्हाळ्यांत कळ फिरविली तरी नुसता वारा येतो, गारवा येत नाहीं. कारागीर येतो, झांकण उघडून पाहतो आणि सांगतो, "साहेब, गॅस संपला आहे. जुना गॅस आतां मिळत नाहीं. नवा भरून देतों." मालक हो म्हणतो. कांहीं दिवस गारवा मिळतो, आणि मग एके दिवशीं कॉम्प्रेसर कर्कश आवाज करून कायमचा अडकून बसतो. स्वस्तांत झालेलें काम शेवटीं सर्वांत महाग पडतें.

ह्या अनर्थाचें बीज "भरून देतों" ह्या दोन शब्दांत आहे. दिव्यांतील तेल जळून संपतें, तसा हा वायु जळून संपत नाहीं. घट्ट बंद असलेल्या नळ्यांत तोच वायु वर्षानुवर्षें फिरत राहतो. तो संपला, ह्याचा अर्थ तो कोठून तरी गळाला. आणि त्याच्या जागीं दुसऱ्या जातीचा वायु आणावयाचा म्हटलें कीं त्याच्याबरोबर त्याचें तेल, त्याला मानवणारें रबर, त्याचा दाब सोसणारी रचना असें सगळें बिऱ्हाड आणावें लागतें. हें कां, तें कळण्यासाठीं आधीं यंत्राचें मूळ तत्त्व समजून घेतलें पाहिजे.

हातावर स्पिरिटाचा थेंब घेतला तर तो उडून जातांना हात गार होतो. मातीच्या माठांतून पाणी झिरपतें, बाहेरच्या अंगावरून त्याची वाफ होते, आणि ती वाफ जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ होतांना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, हा सृष्टीचा नियम आहे. मोटारींतील यंत्र त्याच नियमावर चालतें. फरक एवढाच कीं माठांतील पाणी हवेंत निघून जातें, आणि येथें वाफ झालेला पदार्थ पकडून, त्याचा पुन्हां द्रव करून, पुन्हां कामाला जुंपतात.

ह्या फेरीचे टप्पे चार. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायूला दाबतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, तसा हा दाबलेला वायु तापतो. तो गाडीच्या तोंडाशीं बसविलेल्या कंडेन्सरांत जातो, तेथें बाहेरच्या वाऱ्याला आपली उष्णता देऊन टाकतो, आणि द्रव होतो. हा द्रव ड्रायर नांवाच्या डब्यांतून जातो. त्यांतील दाणे त्यांतला ओलावा टिपून घेतात. पुढें एक्स्पान्शन व्हाल्व नांवाची अतिशय बारीक तोंडाची झडप येते. तिच्या पलीकडे दाब एकदम उतरतो, द्रव उकळूं लागतो, आणि कूलिंग कॉइल बर्फासारखी थंड पडते. तिच्यावरून पंख्यानें फुंकलेली हवा म्हणजेच आपल्या तोंडावर येणारी झुळूक. वाफ पुन्हां कॉम्प्रेसराकडे परतते. ह्या फेरींत वायूबरोबर थोडें तेलहि सतत फिरत असतें, कारण कॉम्प्रेसराला वंगण मिळण्याची मुख्य वाट तीच. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील बराचसा भाग तिच्यावर अवलंबून आहे.

आतां हा फिरणारा पदार्थ कोणता, हा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभीं शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड व मेथिल क्लोराइड हे वायु वापरीत. तिन्ही विषारी, रात्रीं घरांत गळती झाली तर जिवावर बेतावयाचें. १९२८ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीकडे काम करणारा थॉमस मिजली हा संशोधक व त्याचे सहकारी ह्यांनीं निर्धोक वायूचा शोध हातीं घेतला आणि एक कर्ब, दोन क्लोरीन व दोन फ्लुओरीन अशा अणूंनीं बनलेला वायु निवडला. १९३० सालीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेंत मिजलीनें तो वायु आपल्या छातींत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर फुंकर घातली. मेणबत्ती विझली, मिजली सुखरूप उभा होता. वायु विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीहि नाहीं, हें एका फुंकरींत सिद्ध झालें. फ्रिऑन ह्या नांवानें तो बाजारांत आला. धंद्यांतील त्याचें नांव आर-१२.

१९३९ सालीं पॅकार्ड कंपनीनें कारखान्यांतच बसविलेल्या वातानुकूल यंत्राची मोटार लोकांपुढें मांडली. त्या यंत्राची कूलिंग कॉइल सामानाच्या जागेंत बसविलेली असे, आणि यंत्र बंद करावयाचें तर इंजिन थांबवून, खालीं उतरून पट्टा काढावा लागे. अशा अवघड आरंभापासून सुधारत सुधारत मोटारींतील गारवा सर्वत्र पसरला, आणि पुढील सुमारें पन्नास वर्षें त्याच्या नळ्यांत आर-१२ हाच वायु फिरत राहिला. मिजली १९४४ सालीं वारला. आपल्या निर्धोक वायूचा खरा दोष त्याला कधींच कळला नाहीं.

तो दोष जमिनीवर दिसणारा नव्हता. आर-१२ कशाशींच संयोग पावत नाहीं, हा त्याचा गुण. त्यामुळेंच गळालेला वायु हवेंत नाश न पावतां सुमारें शंभर वर्षें टिकतो आणि हळूहळू वर चढतो. पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा विरळ थर आहे. सूर्याचे अतिनील किरण तो अडवितो. ते मोकळेपणें खालीं आले तर कातडीचा कर्करोग, डोळ्यांतील मोतीबिंदु आणि पिकांची हानि हीं संकटें वाढतात. १९७४ सालीं मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं तेथें पोंचल्यावर प्रखर किरणांनीं ह्या वायूचा रेणु फुटतो आणि क्लोरीनचा अणु सुटा होतो. तो ओझोनचा रेणु मोडतो, पण स्वतः खर्च होत नाहीं. मोकळा होऊन दुसरा मोडतो, मग तिसरा. एक अणु असे लाखभर रेणु मोडूं शकतो.

कारखानदारांनीं प्रारंभीं ही गोष्ट मानली नाहीं. परंतु १९८५ सालीं जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन ह्या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकावरील आपलीं मापें प्रसिद्ध केलीं. तेथें दर वसंतऋतूंत ओझोनचा थर फार मोठ्या प्रमाणावर विरळ होत असल्याचें त्यांवरून उघड झालें. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं करार झाला. त्यांत पुढें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें प्रगत देशांनीं १९९६ च्या आरंभीं ह्या वर्गांतील वायूंचें उत्पादन बंद केलें. भारत १९९२ सालीं करारांत सामील झाला, २००० सालीं येथें त्यासंबंधीं नियम झाले, आणि दम्याच्या औषधी फवाऱ्यांसारख्या कांहीं निकडीच्या गरजा वगळतां ऑगस्ट २००८ पासून येथलें उत्पादनहि थांबलें. मोलिना व रोलंड ह्यांना पॉल क्रुट्झेन ह्यांच्यासह १९९५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

जुन्या वायूच्या जागीं मोटारींसाठीं जो वायु निवडला, त्याचें नांव आर-१३४ए. ह्याच्या रेणूंत दोन कर्ब, चार फ्लुओरीन व दोन हायड्रोजन असे अणु असतात. क्लोरीन मुळींच नाहीं, म्हणून ओझोनला त्याच्यापासून धोका नाहीं. तोहि सहसा पेट घेत नाहीं. सामान्य दाबाखालीं आर-१२ उणें ३० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळतो, तर हा उणें २६ अंशांच्या आसपास. शून्य अंशावर दोघांचाहि दाब हवेच्या दाबाच्या सुमारें तिप्पट. इतकें साम्य पाहून कोणालाहि वाटेल कीं एकाच्या जागीं दुसरा भरला तर काय बिघडलें? बिघडतें तें तीन ठिकाणीं.

पहिलें ठिकाण तेल. आर-१२ बरोबर खनिज तेल वापरीत. तें त्या वायूंत चांगलें विरघळतें, म्हणून फेरी करून कॉम्प्रेसराकडे परत येतें. आर-१३४ए मध्यें मात्र खनिज तेल विरघळत नाहीं. पाण्यावर तेलाचा तवंग वेगळा राहावा, तसें तें वेगळें राहतें, नळ्यांच्या वळणांत व कॉइलच्या तळाशीं सांचून बसतें, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शिवाय जुन्या वायूंतील क्लोरीन धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरून झीज कमी करीत असे. नव्या वायूंत ती मदत नाहीं. आरंभीं वर्णिलेला कर्कश आवाज हा ह्या उपासमारीचा आक्रोश होय. नव्या वायूसाठीं दोन प्रकारचीं तेलें आहेत. एक पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, ज्याला कारागीर थोडक्यांत पॅग म्हणतात. दुसरें एस्टर तेल. पॅग तेल हवेंतील ओलावा फार लौकर पितें, आणि जुन्या वायूच्या उरलेल्या क्लोरीननें बिघडतें. एस्टर तेल थोडेंफार जुनें तेल मागें राहिलें तरी सांभाळून घेतें, म्हणून रूपांतराच्या कामीं पुष्कळ ठिकाणीं तेंच पसंत करतात. तथापि कॉम्प्रेसर बनविणाऱ्यानें जें सांगितलें असेल तेंच शेवटीं प्रमाण.

दुसरें ठिकाण रबर व ड्रायर. नव्या वायूचे रेणु आकारानें लहान आहेत; जुन्या नळ्यांच्या रबरांतून ते अधिक सहज झिरपतात. वर्षानुवर्षें तेल मुरलेली सुस्थितींतील नळी पुष्कळदां काम देते, परंतु भेगाळलेली किंवा ताठ झालेली नळी बदललीच पाहिजे, आणि बदलतांना आंतून झिरप रोखणारा पडदा असलेली घ्यावी. सांध्यांतील रबरी कडीं, म्हणजे ओ-रिंगा, जेथें जेथें सांधा उघडला तेथें तेथें नवीं घालावीं. नव्या वायूला मानवणारीं कडीं बहुधा हिरव्या रंगाचीं मिळतात. जुन्या ड्रायरांतील ओलावा टिपणारे दाणेहि पुष्कळदां नव्या वायूपुढें टिकत नाहींत. त्यांचा भुगा झाला तर तो थेट झडपेच्या बारीक तोंडांत जाऊन अडकतो. म्हणून ड्रायर नवा हवाच.

तिसरें ठिकाण दाब. थंड बाजूला दोन वायूंचे दाब सारखे असले तरी तापत्या बाजूला ते सारखे राहत नाहींत. कंडेन्सरांत साठ अंश तपमान झालें, आणि उन्हाळ्यांत वाहनांच्या गर्दींत अडकलेल्या मोटारींत तें सहज होतें, तर आर-१२ चा दाब हवेच्या सुमारें पंधरापट असतो, आर-१३४ए चा साडेसोळापटींच्या वर. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरांत हवेच्या जेमतेम दुप्पट दाब असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्यांचा अर्थ उमगेल. गाडी धांवत असतां समोरून वारा लागतो आणि काम भागतें. सिग्नलपाशीं उभी राहिली कीं गारवा मंदावतो. म्हणून जुना कंडेन्सर लहान किंवा चेंबलेला असेल तर अधिक कार्यक्षम कंडेन्सर बसवावा, निदान त्याच्यापुढील पंखा बळकट करावा. दाब मर्यादेपलीकडे जातांच कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारी विजेची कळ नसेल तर ती अवश्य बसवावी.

ह्या तीन गोष्टी समजल्या म्हणजे योग्य काम कसें असावें, तें वेगळें सांगावें लागत नाहीं. प्रथम उरलासुरला जुना वायु यंत्रानें ओढून वेगळ्या नळकांड्यांत सांठवावा. तो हवेंत सोडूं नये. अमेरिकेंत १९९२ पासून तसा तो सोडण्यास कायद्यानेंच बंदी आहे. नंतर गळती कोठें आहे हें शोधून ती दुरुस्त करावी. फुटक्या घागरींत नवें पाणी भरून काय उपयोग? मग कॉम्प्रेसरांतील जुनें तेल उपसून नळ्या व कॉइल स्वच्छ करावीं, ड्रायर व रबरी कडीं बदलावीं, आणि नवें तेल मोजून घालावें.

त्यानंतरची पायरी पुष्कळ कारागीर घाईनें उरकतात, आणि तीच महत्त्वाची. पंपानें नळ्यांतील सर्व हवा ओढून घ्यावयाची असते. ती केवळ हवेसाठीं नव्हे, पाण्यासाठींहि. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो. तो ३२ मिलिमीटरपर्यंत उतरविला कीं तीस अंशांवर, म्हणजे आपल्या नेहमींच्या तपमानावरच, पाणी उकळूं लागतें. नळ्यांत लपलेला ओलावा ह्या रीतीनें वाफ होऊन बाहेर पडतो. तो आंत राहिला तर झडपेपाशीं गोठून वाट अडवितो, किंवा वायु व तेल ह्यांच्याशीं मिळून आम्ल बनवितो आणि धातु खातो. यास्तव पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवावा, आणि पंप थांबविल्यावर कांटा जागचा हालत नाहीं, हें पाहावें. कांटा सरकला तर गळती अजून आहे असें समजावें.

आतां वायु भरावयाचा; पण किती? जुन्या पाटीवर जेवढें वजन लिहिलेलें असेल, त्याच्या शेंकडा ८० ते ९० इतकाच. पाटीवर एक किलोग्रॅम असेल तर ८०० ते ९०० ग्रॅम. कित्येक जुन्या यंत्रांत एक लहानशी कांच असते; तिच्यांतील बुडबुडे नाहींसे होईपर्यंत वायु भरावा, असा पूर्वींचा प्रघात होता. नव्या वायूला तो लागू नाहीं. कांच स्वच्छ होण्याची वाट पाहत बसलें तर वायु नको तितका भरला जातो, दाब भलताच वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. तेव्हां वजनाचा कांटा हाच विश्वासाचा.

एवढें करण्याचा कंटाळा म्हणून आडवाटा निघाल्या आहेत. त्यांचा विचार केलाच पाहिजे, कारण येथें प्रश्न पैशांपुरता उरत नाहीं. कोणी घरगुती वातानुकूल यंत्रांत चालणारा आर-२२ मोटारींत भरतात. साठ अंशांवर त्याचा दाब हवेच्या सुमारें चोवीसपट होतो. मोटारीच्या नळ्या व सांधे त्यासाठीं बनविलेले नसतात. कोणी प्रोपेन व ब्युटेन ह्यांचें मिश्रण भरतात. हे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक. गारवा देण्याचा गुण त्यांच्या ठायीं उत्तम आहे आणि ओझोनलाहि त्यांचा उपद्रव नाहीं. परंतु मोटारींतील कूलिंग कॉइल बसणाऱ्यांच्या समोर, अगदीं हातभर अंतरावर असते. ती फुटली तर बंद कांचांच्या खोलींत स्वयंपाकाचा गॅस सोडल्यासारखें होईल, आणि ठिणगी कोठून येईल हें सांगतां येत नाहीं. ज्या यंत्राची रचनाच ज्वालाग्राही वायूसाठीं केलेली नाहीं, त्यांत तो घालणें म्हणजे कुटुंबाला त्या संकटाशेजारीं बसविणें होय. अमेरिकेंत आर-१२ च्या मोटारींत असा वायु भरण्यास मनाई आहे.

तिसरी आडवाट ग्राहकाला न कळतां त्याच्या माथीं मारली जाते. स्वस्त नळकांड्यांत आर-१३४ए म्हणून कधीं कधीं भलताच वायु भरलेला असतो, आणि त्यांत मिजलीच्या काळीं टाकून दिलेला मेथिल क्लोराइडहि सांपडलेला आहे. तो विषारी तर आहेच, शिवाय ॲल्युमिनियमशीं मिळून हवेचा स्पर्श होतांच पेटणारीं द्रव्यें बनवितो. आणि मोटारीच्या यंत्रांत ॲल्युमिनियमचे भाग पुष्कळ. २०११ सालीं जहाजांवरून माल नेणाऱ्या कांहीं शीतपेट्यांचीं यंत्रें अशा भेसळीमुळें फुटलीं आणि त्यांत कामगारांचे प्राण गेले. म्हणून बिनओळखीच्या दुकानांतील फार स्वस्त नळकांडें मोहानें घेऊं नये.

आतां रूपांतर करावेंच कीं काय, हा प्रश्न उरतो. ज्या गाडीचें जुनें यंत्र गळत नाहीं आणि गार करतें आहे, तिला हात लावण्याचें कारण नाहीं. बंद नळ्यांत फिरणारा आर-१२ कोणाचें नुकसान करीत नाहीं. नुकसान तो बाहेर पडल्यावर होतें. गळती झाली, कॉम्प्रेसर बदलण्याची पाळी आली, किंवा अपघातांत कंडेन्सर फुटला, म्हणजे यंत्र उघडावेंच लागतें. रूपांतराची खरी वेळ ती. एका किलोग्रॅम आर-१२ मध्यें उष्णता कोंडून ठेवण्याचा जो गुण आहे, तो सुमारें दहा हजार नऊशें किलोग्रॅम कर्बद्विप्राणिदाइतका धरतात. साडेचार हजार लिटरांहून अधिक पेट्रोल जाळावें तेव्हां एवढा कर्बद्विप्राणिद निघतो. कारागिरानें नळीचें तोंड सैल करून "फुस्स" असा आवाज काढला, म्हणजे त्या अर्ध्या मिनिटांत ही गाडी कित्येक वर्षें चालल्याइतका भार आकाशावर पडला, असें समजावें.

नवा वायुहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाहीं, हवेंत चौदा वर्षांच्या आसपासच टिकतो. परंतु त्याचा एक किलोग्रॅम सुमारें चौदाशें किलोग्रॅम कर्बद्विप्राणिदाइतकी उष्णता कोंडतो. म्हणून युरोपांत २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत त्याला बंदी झाली, आणि आर-१२३४वायएफ हा तिसरा वायु पुढें आला. तो कांहीं दिवसांतच हवेंत विघटित होतो. पण तो महाग आहे आणि सौम्य कां होईना ज्वालाग्राही आहे. त्यासाठीं यंत्र पहिल्यापासून तशा बेतानें बांधावें लागतें. जुन्या गाडींत तो आपल्या मनानें घालूं नये. २०१६ सालीं आफ्रिकेंतील किगाली येथें आर-१३४ए च्या वर्गांतील वायूंचा वापर क्रमाक्रमानें कमी करण्याचा ठराव झाला. भारतानें त्याला २०२१ सालीं संमति दिली असून येथें वापरावरील मर्यादा २०२८ पासून लागू व्हावयाची आहे. म्हणजे आज घातलेला वायुहि जपून ठेवण्याचीच वस्तु आहे.

एवढ्या खटाटोपाचें कांहीं फळ मिळालें काय, असें कोणी विचारील. मिळालें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळानें २०२३ च्या आरंभीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें सध्यांचें धोरण टिकलें तर जगाच्या बहुतेक भागावरील ओझोनचा थर २०४० च्या सुमारास, आणि अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास, १९८० सालच्या स्थितीला परत येईल. सर्व राष्ट्रांनीं मिळून केलेली आणि खरोखर फळाला आलेली अशी कामें थोडीं. हें त्यांपैकीं एक आहे. त्यांत जसा मोठमोठ्या परिषदांचा वांटा, तसाच नळीचें तोंड सैल न करतां वायु सांठवून ठेवणाऱ्या साध्या कारागिराचाहि वांटा आहे.

म्हणून गाडीची किल्ली कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं मालकानें तीन प्रश्न विचारावे. उरलेला वायु सांठविण्याचें यंत्र आहे काय? तेल, ड्रायर व रबरी कडीं बदलणार काय? आणि वायु वजन करून भरणार काय? तिन्हींचें उत्तर होय असेल तरच काम द्यावें. काम पुरें झाल्यावर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी. जुनीं स्क्रूचीं तोंडें झांकून नव्या वायूचीं वेगळ्या बनावटीचीं तोंडें बसविलेलीं असावीं, आणि झांकणाखालीं एक आकाशी रंगाची चिठ्ठी चिकटविलेली असावी. तिच्यावर वायूचें नांव, त्याचें वजन, तेलाची जात आणि तारीख लिहावी. आठ-दहा वर्षांनीं कदाचित् दुसराच कारागीर, कदाचित् दुसऱ्याच मालकाच्या दारीं, तें झांकण उघडील. त्याला ती चिठ्ठी दिसली, तर आंत काय आहे हें ओळखण्यासाठीं त्याला नळीचें तोंड सैल करावें लागणार नाहीं.